राजगडावरची आजी

मराठी घरातली दिवाळी म्हणजे खरे पाहता आजीचा सण. फराळाचे डबे सुनांच्या हाती असले, फटाक्यांचा हिशेब मुलांच्या बापाकडे असला, तरी नरक चतुर्दशीच्या पहाटे अंथरुणातून ओढून उठवणारा, डोक्यावर तेल थापणारा आणि ‘अजून झाले नाही का?’ म्हणून दटावणारा हात आजीचाच असतो. आईविना पोरकी झालेली भावंडे आणि त्यांना पदराखाली घेणारी आजी हा म्हणूनच कादंबरीकारांचा आवडता विषय. पहिल्या प्रकरणात आई जाते, मधल्या प्रकरणांत मुले आजीच्या घरात रुळतात, आणि शेवटच्या प्रकरणात आजीला खांदा देऊन ती मोठी होतात. वाचक डोळे पुसून पुस्तक मिटतो.

असे एक घर कल्पनेत नव्हे, तर प्रत्यक्ष आपल्या इतिहासात होऊन गेले. ते होते राजगडावर. पुणे जिल्ह्यातील वेल्हे तालुक्यात, भोरच्या शिवेलगत उभा असलेला हा डोंगर. त्या तालुक्याला आता राजगडाचेच नाव देण्यात आले आहे. मुरुंबदेवाच्या या डोंगरावर महाराजांनी किल्ला बांधला आणि जवळजवळ पंचवीस वर्षे स्वराज्याचा कारभार तेथून चालविला. आपण राजगड म्हटले की सुवेळा माची, संजीवनी माची, बालेकिल्ला अशी नावे घेतो आणि तोफा, बुरूज, चोरदिंड्या आठवतो. पण राजधानी म्हणजे आधी एक नांदते घर असते. त्या घरात चुली होत्या, पाळणे होते, आजारपणे होती, आणि त्या घराची कर्तीसवरती बाई होती जिजाऊसाहेब.

राजगडाच्या बालेकिल्ल्यावरून एकदा सभोवार नजर टाकली म्हणजे या घराचा संसार कुठवर पसरला होता ते कळते. पश्चिमेला तोरणा. उत्तरेला सिंहगड, म्हणजे त्या वेळचा कोंढाणा. पूर्वेला पुरंदर. दक्षिणेला भोरच्या अंगाला रोहिडा. खाली गुंजवणी, कानंद आणि नीरा यांची खोरी. गुंजण मावळ, कानद खोरे, हिरडस मावळ अशी त्यांची जुनी नावे. कान्होजी जेधे कारीचे आणि बाजीप्रभू देशपांडे सिंदचे. ही दोन्ही गावे आजच्या भोर तालुक्यातली. भात, नाचणी आणि वरी पिकवणारा, पावसाळ्यात इरले पांघरून चिखलात उभा राहणारा हा मुलूख. ज्या मुलांची ही गोष्ट आहे त्यांचे अंगण एवढे होते.

मुले चार. सखूबाई, राणूबाई, अंबिकाबाई या तिघी बहिणी, आणि त्यांच्या पाठीवर शंभूराजे. आई सईबाई, फलटणच्या नाईक निंबाळकरांची लेक. शंभूराजांचा जन्म १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर झाला आणि त्यानंतर सईबाईंची प्रकृती सुधारली नाही. तान्ह्या मुलाला दूध पुरेना, म्हणून पुरंदरजवळच्या कापूरहोळ गावची धाराऊ गाडे ही बाई आणली गेली. कापूरहोळ हे पुणे-सातारा रस्त्यावरचे गाव, भोर तालुक्यातलेच. राजपुत्राला दूध पाजले ते एका गावकरी मराठ्याच्या घरातल्या बाईने. तिचे मुलगे अंतोजी आणि रायाजी हे शंभूराजांचे दूधभाऊ. पुढे ते त्यांच्याच तैनातीत वावरले. तेव्हा भावंडे मोजायची झाली तर ती चारच नव्हती.

शके १५८१, भाद्रपद वद्य चतुर्दशी. इंग्रजी तारीख ५ सप्टेंबर १६५९. राजगडावर सईबाई गेल्या. शंभूराजांना तिसरे वर्ष लागून चारच महिने झाले होते. त्या वयातले मूल आई कोठे गेली असे विचारते, आणि ‘देवाघरी’ हे उत्तर त्याला पुरत नाही. बाप तरी जवळ असावा, तर तोही नाही. विजापूरचा सरदार अफझलखान स्वराज्यावर चालून आला होता आणि महाराज पावसाळ्यातच राजगड सोडून जावळीकडे प्रतापगडावर गेले होते. पितृपंधरवड्याचे शेवटचे दिवस, डोंगरावर धुके, घरात सुतक, दारात युद्ध, आणि चार लहान मुले. अशा घरात आजी उभी राहिली.

तिथींचा हिशेब केला म्हणजे मन चरकते. चतुर्दशीनंतर एक दिवस गेला की सर्वपित्री अमावास्या, आणि तिच्यापासून बरोबर एका महिन्याने लक्ष्मीपूजनाची अमावास्या. म्हणजे आईच्या मृत्यूनंतर महिन्याभरातच त्या मुलांची दिवाळी आली. पुढे मार्गशीर्ष शुद्ध सप्तमीला, १० नोव्हेंबर १६५९ रोजी, प्रतापगडाखाली खानाचा निकाल लागला. आईचे जाणे आणि बापाच्या जिवावरचे संकट यांच्या मधोमध ती दिवाळी होती. त्या वर्षी राजगडावर पणत्या लागल्या असतील तर त्या कोणत्या मनाने लागल्या असतील, हे ज्या घरात वर्षाच्या आत दुःख घडले आहे त्या घरातील बायांना सांगावे लागत नाही. सण मोठ्यांसाठी नसतो तेव्हाही तो मुलांसाठी करावा लागतो.

ही आजी कोण होती? वय एकसष्ट. सिंदखेडच्या लखुजी जाधवरावांची लेक. २५ जुलै १६२९ रोजी देवगिरीच्या किल्ल्यात, निजामशहाच्या दरबारात, तिच्या बापाची आणि भावांची हत्या झाली. नवरा बहुतेक काळ दूर, पुढे तर कर्नाटकातच. थोरला मुलगा संभाजी १६५४ च्या सुमारास कनकगिरीच्या लढाईत पडला. त्याच्या मरणाला अफझलखान कारण झाला अशी घरात समज होती. त्या गेलेल्या मुलाचे नाव या धाकट्या नातवाला ठेवले होते. आजी ‘शंभू’ म्हणून हाक मारी तेव्हा त्या एका हाकेत दोघे असत. आणि आता तोच खान दुसऱ्या मुलावर चालून आला होता. अशा बाईने चार मुलांना मांडीवर घेऊन प्रतापगडाच्या बातमीची वाट पाहिली.

जिजाऊंनी शिवबांना घडविले हे आपण शाळेत शिकवतो, मुले ते पाठ करतात, आणि चित्रातही जिजाऊंपुढे बसलेले असतात ते बालशिवाजीच. पण मुलाला वाढवणे आणि नातवंडांना वाढवणे यांत फरक आहे. पुण्यात त्या शिवबांना वाढवीत होत्या तेव्हा त्या तिशीचाळिशीत होत्या, आणि पुढे काय होईल याची आशा हाताशी होती. राजगडावर त्या साठीच्या पुढे होत्या, आणि काय काय होऊ शकते हे सारे त्यांनी पाहिले होते. आईला मुलाचे भविष्य दिसते. आजीला भविष्याआधी त्याची काळजी दिसते. शिवाय आता त्यांच्यापाशी नुसते घर नव्हते. महाराज मोहिमेवर गेले की कारभारावर नजर ठेवणे, तंटेबखेडे ऐकणे, निवाडे देणे हेही होते. एका हाताने राज्य आणि दुसऱ्या हाताने नातवंडे, असा तो संसार होता.

मुलींच्या बाबतीत त्या काळची रीत ठाऊकच आहे. परकर सावरता येऊ लागला की सासर. सखूबाईंचा संबंध फलटणला, सईबाईंच्याच माहेरी झाला. सईबाईंचे बंधू बजाजी नाईक निंबाळकर यांना विजापूर दरबारात धर्मांतर करावे लागले होते. त्यांना पुन्हा हिंदू धर्मात घेतले, आणि समाजाने त्यांना दूर ठेवू नये म्हणून त्यांच्या महादजी या मुलाला सखूबाई देण्यात आली. या निर्णयाचे श्रेय परंपरेने जिजाऊंकडे जाते. शुद्धी करणे सोपे, पण शुद्ध झालेल्याच्या घरात आपली नात देणे अवघड. बोलणारे शंभर निघतात, देणारे घर एकच निघते. राणूबाई भुईंजच्या जाधवांकडे गेल्या आणि अंबिकाबाई तारळ्याच्या महाडिकांकडे, हरजीराजांच्या घरी. एकेक मुलगी गड उतरत गेली आणि आजीपाशी मुलगा उरला. सासरी गेलेल्या बहिणींची जागा पुढे एका सुनेने भरून काढली. शृंगारपूरच्या पिलाजीराव शिर्क्यांची लेक, लग्नानंतरच्या येसूबाई, लहान वयातच या घरात आल्या. सावत्र आया, त्यांच्या मुली, धाराऊचे मुलगे, नवी नातसून, असे ते गोकुळ होते.

जानेवारी १६६४ मध्ये शहाजीराजे कर्नाटकात होदिगेरे येथे शिकारीत घोड्यावरून पडून वारले. जिजाऊंनी सती जाण्याचे मनात आणले, आणि महाराजांनी आईची परोपरीने विनवणी करून तिला मागे वळविले, असे बखरकार सांगतात. आपण ही गोष्ट मातृभक्तीची म्हणून सांगतो. पण घरात त्या वेळी सहा-सात वर्षांचा एक मुलगा होता. एक आई जाणे त्याने पाहिले होते. दुसरी राहिली.

ती राहिली म्हणून पुढची दोन वर्षे निभावली. १६६५ च्या उन्हाळ्यात मिर्झाराजे जयसिंग आणि दिलेरखान पुरंदराला भिडले. एप्रिलच्या शेवटी दाऊदखानाच्या फौजेने रोहिड्याच्या आसमंतातील सुमारे पन्नास गावे जाळली आणि ती राजगडाच्या रोखाने आली. आजच्या भोर-वेल्ह्याची ती गावे. जेथे आपला जन्म झाला त्या पुरंदराला वेढा पडलेला, आणि खाली खोऱ्यात धूर, हे आठ वर्षांच्या मुलाला समजते. जूनमध्ये तह झाला. तेवीस किल्ले गेले, बारा राहिले. राजगड राहिला, पण समोरचा कोंढाणा गेला. आणि तहाची हमी म्हणून मोगलांच्या छावणीत जायचे होते ते या आठ वर्षांच्या मुलाने. जूनच्या मध्यास, पाऊस सुरू होण्याच्या दिवसांत, त्याला गडावरून खाली उतरविण्यात आले. पाच हजारांची मनसब त्याच्या नावे लिहिली गेली. मोगली दप्तरात तो मनसबदार झाला होता. आजीच्या लेखी तो दात पडायच्या वयाचा नातू होता.

यानंतरची हकीकत सर्वांना पाठ आहे, म्हणून थोडक्यात. ५ मार्च १६६६ रोजी महाराज राजगडाहून आग्र्यास निघाले, शंभूराजे बरोबर. दरबारातला अपमान, नजरकैद, आणि १७ ऑगस्टची सुटका. मुलाला बरोबर घेऊन पळणे धोक्याचे, म्हणून त्याला मथुरेस ब्राह्मणांच्या घरी ठेवून महाराज पुढे आले. पाठलाग थंडावा म्हणून शंभूराजे वाटेत वारले अशी वार्ता उठविली, असेही सांगतात. बैराग्याच्या वेषातील मुलाला जिजाऊंनी ओळखले नाही, त्याने पायावर डोके ठेवले तेव्हा ओळखले, ही बखरीतली गोष्ट तर नाटकांतूनही येऊन गेली आहे. पण मला त्या गोष्टीपेक्षा तिच्या पुढची गोष्ट मोठी वाटते. मुलगा आला, नातू आला नाही. वर्ष संपण्यापूर्वी तोही सुखरूप पोहोचला. परंतु मधल्या दिवसांत त्या घरातल्या म्हातारीने आणि लहानग्या येसूबाईंनी काय सोसले असेल, हे कोणत्याही कुटुंबवत्सल माणसाने आपल्याच घराकडे पाहून जाणावे.

पुन्हा १६६७ च्या अखेरीस, दहाव्या वर्षी, तो शहाजादा मुअज्जमच्या भेटीसाठी औरंगाबादेस गेला. म्हणजे आठ ते अकरा या वयात, जेव्हा आमच्या शाळेतली मुले प्राथमिक चौथीच्या आतबाहेर असतात, तेव्हा या मुलाने तीन वेळा शत्रूच्या गोटात मुक्काम केला. दर वेळी तो परत आला ते राजगडावर, त्याच पद्मावती तळ्याच्या काठी, त्याच आजीच्या घरी. संकटातून परतायला एक ठरलेले दार असणे ही मुलाच्या आयुष्यातली केवढी मोठी गोष्ट असते, हे शिक्षकांना रोज दिसते.

हा मुलगा शिकलाही उत्तम. पुढे त्याने संस्कृतात ‘बुधभूषण’ हा राजनीतीपर ग्रंथ रचला, आणि व्रजभाषेतही त्याच्या रचना आहेत. तलवार आणि लेखणी दोन्ही चालवणारे राजपुत्र आपल्याकडे फार झाले नाहीत. घरात पंडित होते, पुराणे होती, आणि ऐकवून घेणारी आजी होती.

फेब्रुवारी १६७० चा महिना राजगडाने क्वचितच पाहिला असेल असा होता. ४ तारखेला तानाजी मालुसऱ्यांनी प्राण देऊन कोंढाणा घेतला. पाच वर्षे डोळ्यांपुढे शत्रूच्या हाती दिसणारा किल्ला परत आला. आणि अवघ्या वीस दिवसांनी, २४ फेब्रुवारीला, याच गडावर सोयराबाईंच्या पोटी राजाराममहाराज जन्मले. मूल पालथे जन्मले म्हणून बायका चिंतावल्या, तेव्हा महाराजांनी ‘हा पातशाही पालथी घालील’ अशा अर्थाचे बोलून सर्वांना हसते केले, असे सभासद सांगतो. शंभूराजे त्या वेळी बारा वर्षांचे. घरात धाकटा भाऊ आला. पुढच्या साऱ्या कथेचे बीज या आनंदाच्या दिवशी पडले होते, पण त्या दिवशी ते कोणालाही दिसले नाही.

राजधानी रायगडावर गेली. उंचावरची हवा जिजाऊंना मानवेना म्हणून त्यांच्यासाठी पायथ्याला पाचाडला वाडा बांधला. ६ जून १६७४ रोजी मुलाच्या डोक्यावर छत्र धरलेले त्यांनी पाहिले आणि १७ जूनला त्या गेल्या. शंभूराजे तेव्हा सतरा वर्षांचे होते. कादंबरीत नातू आजीला खांदा देतो आणि मोठा होतो. येथे मात्र पुस्तक मिटत नाही. खरी गोष्ट येथून सुरू होते.

या आजीवर एक आक्षेप पूर्वी घेतला जाई. आईवेगळे मूल म्हणून लाड फार केले, धाक कोणाचा राहिला नाही, म्हणून पोरगा हट्टी झाला, आणि १३ डिसेंबर १६७८ रोजी रागाच्या भरात दिलेरखानाला जाऊन मिळाला. घरोघरी ‘आजीने बिघडवले’ असे म्हणतात, तेच इतिहासाला लावले गेले. हे चित्र मुख्यतः उत्तरकालीन बखरींतून आले. मल्हार रामराव चिटणीसांची बखर घटनांनंतर शंभरावर वर्षांनी लिहिली गेली, आणि तिचा लेखक ज्यांना संभाजीमहाराजांनी देहदंड दिला त्या बाळाजी आवजींच्या वंशातला. पुढे वा. सी. बेंद्रे यांनी १९६० मध्ये आणि कमल गोखले यांनी १९७१ मध्ये समकालीन कागदपत्रे चाळून चरित्रे लिहिली, तेव्हा वेगळाच माणूस दिसू लागला. पराक्रमी, विद्वान, तापट, दुखावलेला, पण बिघडलेला नव्हे.

तरीही दिलेरखानाकडे जाणे खोटे नाही. त्याचे काय? मला वाटते, आजीच्या लाडाने नव्हे, आजी नसल्यामुळे ते घडले. तारखा पाहा. १६७४ पर्यंत या घरात सवती होत्या, सावत्र मुले होती, कारभाऱ्यांचे गट होते, पण भांडण उंबऱ्याबाहेर गेल्याचे दिसत नाही. सोयराबाई आणि शंभूराजे या दोघांनाही ‘गप्प बैस’ म्हणू शकेल असे एकच माणूस त्या घरात होते. ते गेल्यावर साडेचार वर्षांत युवराज शत्रूकडे गेला. वर्षभराने तो परत आला खरा, महाराज त्याला पन्हाळ्यावर भेटलेही. पण मार्च १६८० मध्ये रायगडावर राजारामांचे लग्न झाले तेव्हा थोरला भाऊ पन्हाळ्यावरच होता. धाकट्याच्या लग्नात थोरला नाही! आजी असती तर हे घडते काय? ३ एप्रिलला महाराज गेले. दहा वर्षांच्या राजारामांना गादीवर बसविण्यात आले. तेव्हा सोयराबाईंचे सख्खे भाऊ हंबीरराव मोहिते यांनी भाच्याची नव्हे तर थोरल्या युवराजांची बाजू धरली, आणि राज्य दुभंगता दुभंगता वाचले. तरी घर दुभंगलेच. १६८१ मध्ये सोयराबाईंचा अंत झाला, तो सुखाचा नव्हता.

भावंडांचे काय झाले? दिलेरखानाच्या गोटातून संभाजीराजे निसटले तेव्हा बहीण राणूबाई आणि पत्नी दुर्गाबाई मोगलांच्या हाती राहिल्या. त्यांना अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवले होते. त्यांना सोडविण्याची खटपट झाली, ती साधली नाही. भावाच्या एका रागाची किंमत बहिणीने कैदेत मोजली. संभाजीमहाराज स्वतः १६८९ च्या फेब्रुवारीत संगमेश्वरी पकडले गेले आणि ११ मार्चला त्यांनी जे मरण पत्करले त्याने मागचे सारे धुऊन टाकले. शत्रूपुढे मान न वाकविणे हे ज्या घरी तो शिकला, ते घर राजगडावरचे होते. मग राजाराममहाराज मोगलांना चुकवीत दक्षिणेत जिंजीला पोहोचले. त्या मुलखाचा कारभार हरजीराजे महाडिकांकडे होता. हरजीराजे नुकतेच वारले होते, पण अंबिकाबाई तेथेच होत्या. सावत्र खरी, पण बहीण. घर फुटल्यावर धाकट्या भावाला जेथे आसरा मिळाला तेथे आजीने सासरी धाडलेली नातच होती. त्याच जिंजीत राजारामांच्या सांगण्यावरून कृष्णाजी अनंत सभासदाने महाराजांची बखर लिहिली. म्हणजे राजगडावर जन्मलेल्या नातवाने, दूर तमिळ मुलखात बसून, आपल्या घराची गोष्ट लिहवून घेतली.

आजही राजगडाच्या पायथ्याशी पाल गावी सईबाईंची समाधी आहे. तोरण्या-राजगडाकडे जाणारी तरुण मंडळी पाठीवर पिशव्या टाकून तेथून जातात, बुरूज मोजतात, कड्यांची छायाचित्रे घेतात. मुलांना घेऊन जाणाऱ्या आईबापांनी समाधीपाशी थोडे थांबावे, आणि त्यांना एवढेच सांगावे, की या गडावर चार लहान मुलांची आई गेली आणि त्यांच्या आजीने त्यांना सांभाळले. लढायांच्या तारखा मुले विसरतात. ही गोष्ट विसरणार नाहीत, कारण उद्या पहाटे त्यांना उटणे लावायला घरात कोणीतरी बसलेले असेल.